गुडघा म्हणालो

दोन वर्षं मी गुडघा सांगत आलो.
गुडघा सांगायला सोपा.
चारचौघांत त्याच्यावर हात ठेवता येतो,
लेंगा वर सरकवून मलम चोळता येतं,
सुनेसमोरसुद्धा.

दुखत होतं ते वर,
जिथे मांडी संपते आणि माणूस सुरू होतो
त्या घडीत.
तिला नाव आहे. ते नाव आयुष्यात
दोनदाच मोठ्याने घेतलं असेन,
दोन्ही वेळा गुरांच्या डॉक्टरापुढे,
तांबूबद्दल.

चोडणच्या धक्क्यावर बाकड्याने निदान करून ठेवलं होतं.
कायतान म्हणाला, हर्निया. त्याच्या भावाला तसंच,
खोकलं की फुगायचं.
खोकून बघितलं. काही फुगलं नाही.
शाणूमास्तर म्हणाले, मणका:
शीर कमरेत चिमटते, बोंब मांडीत उठते,
जशी पणजीत तार तुटते आणि काळोख आमच्याकडे.
तिसरा म्हणाला, खडा. शहाळं पी.
प्यालो. चार वेळा उठलो रात्री,
चारही वेळा दुखलं.

चौतीस वर्षं फेरीबोटीवर होतो.
रॅम्पची साखळी ओढताना डावा पाय रोवायचा,
उजवा नुसता सोबतीला.
मासळीच्या पाट्या, स्कूटरी,
एकदा बँडसकट वरात, एकदा शवपेटी
या डाव्या पायाने रायबंदरला पोचवली,
असं मी म्हणतो.
कप्तान वेगळं म्हणेल.

आता धक्का आणि रॅम्प यांच्यात
वीतभर पाणी असतं,
ते ओलांडायला लेंगा गुडघ्यापाशी मुठीत धरतो
आणि पाय उचलून पलीकडे ठेवतो,
सामान ठेवावं तसा.
नखं भामा कापून देते.
विचारत नाही काही.

आरोग्य केंद्रातली डॉक्टर माझ्या नातीएवढी,
आडनाव मिनेझिस.
"आजोबा, एका बोटाने दाखवा."
बोट गुडघ्याकडे निघालं.
ती बघत राहिली. बोट अडलं,
मग त्याने स्वतःच वाट बदलली.
ती हसली नाही.
उताणं झोपवून, गुडघा दुमडून
पाऊल हळूच फिरवलं, कुलपात किल्ली फिरवावी तसं,
आणि मी असा ओरडलो
की बाहेर गोळ्या मोजणारी नर्स आकडा चुकली.

"गुडघ्यातही दुखतं ना? खुबा तिथेही निरोप धाडतो."
म्हणजे मी अगदीच खोटं बोलत नव्हतो.
चुकल्या पत्त्यावर आलेली चिठ्ठी
वाचून दाखवत होतो.

बांबोळीच्या फोटोत दोन हाडांमधली फट बुजलेली.
गादी झिजलीय, म्हणाले.
मला समजावावं लागलं नाही.
बोटीच्या कुशीला आम्ही जुने टायर बांधतो.
एखादा तुटून वाहून जातो,
कुणाला पत्ता लागत नाही,
पुढच्या धक्क्याला आवाज येईपर्यंत.

घरी आलो. भामाला सांगितलं, नावानिशी.
ती बांगडे साफ करत होती, स्टुलावर बसून.
खाली बसायचं तिने कधी सोडलं
मला आठवेना.
"माझंही तिथंच," म्हणाली. "सात वर्षं."
"तू तर कंबर म्हणायचीस."
"तुम्ही गुडघा म्हणायचात."
आणि बांगडा उलटा केला.

तिचं कारण निराळं निघेल, डॉक्टर म्हणते,
एका घरातले खुबेही एकाच कारणाने दुखत नाहीत.
आज तिचा फोटो.
दोघांचे कागद एका पिशवीत,
पिशवी कुणी धरायची यावरून थोडं भांडण.

व्यायामवाल्या मुलाने शिकवलंय:
चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा.
रॅम्प पडतो. नवा खलाशी
एका हाताने साखळी सोडतो, दुसऱ्यात फोन.
वीतभर पाणी.
भामा विचारते,
"हे चढणं की उतरणं?"

भरतीला एक, ओहोटीला दुसरं.
मी वाकून पाणी बघतो.
मागे स्कूटरवाला हॉर्न देतोय.